तेलुगू मासिकात माझी रांगोळी

सत्तरच्या दशकात भिवंडीत आमच्या शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. त्यांच्याकडे हैदराबादहून एक मासिक यायचं. शेजारच्या अक्कांनी माझी ठिपक्यांची रांगोळी कागदावर उतरवून परस्पर त्या मासिकाला धाडली होती.

एका दुपारी अक्का अंक घेऊन धावतच आल्या. "देख, तेरा रंगोली छपके आया!"

पान बघून मी ओरडलेच. रांगोळी माझीच होती, खाली सगळी गोल गोल अक्षरं.

"इसमें मेरा नाम किधर है?"

अक्कांनी बोट ठेवून नाव मोठ्यानं वाचलं. लूमच्या खडखडाटात मला नीट ऐकूच आलं नाही. "फिर से पढो!" म्हणत मी ते पुन्हापुन्हा वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या तेलुगू घरांपुढे तीच रांगोळी उमटली होती.