रिकाम्या टाकीचा हिशेब

उंच टाक्यांचे पाये तपासणं हा तिचा धंदा, पण तो चाळा घरातही सुटत नसे. नवं कपाट आलं की बाई आधी खांद्याने ढकलून बघणार!

एकदा तिच्या टेबलावरचा टाकीचा नकाशा पाहून नवऱ्याने विचारलं, "एवढं पाणी डोक्यावर घेऊन ही वादळात उलथणार नाही?"

"अरे, उलट आहे. भरलेली टाकी वजनामुळेच पाय रोवून उभी राहते. वारा आडवी पाडतो ती रिकामी टाकी. म्हणून मी रिकामी धरूनच हिशेब करते."

नवरा विचारात पडला. "म्हणजे लग्नाआधी पहिल्याच भेटीत तू मला भर दुपारी उपाशी ताटकळत ठेवलंस, ते...?"

"चिडला नाहीस," ती हसू दाबत म्हणाली, "म्हणून तर या घरात उभा आहेस."