भाऊजींच्या व्हॅनचे स्पीकर

भाऊजी बहिरे होत चालले होते आणि हे त्यांना सांगायची हिंमत घरात एकाचीही नव्हती.

आज सकाळी भाऊजी वारले, कामठ्याला, त्यांच्या गावी.
आता लिहितो. लिहिताना तरी ओरडावं लागत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. त्यांची एक जुनी पांढरी व्हॅन होती. गावातली पोरं सकाळी गोंदियाच्या शाळेत न्यायची, शाळा सुटली की परत आणायची. माझी भाचीसुद्धा त्याच गाडीत.

आमच्याकडे जावयाचा मान फार. जावयाचं उणं त्याच्या तोंडावर काढायचं नाही, हा नियमच. भाऊजी टीव्हीचा आवाज वाढवायला लागले, आम्ही आमचा वाढवला. आख्खं घर ओरडून बोलायला शिकलं, पण बोलायचं ते कोणी बोललं नाही.

मग एक दिवस भाचीने सांगितलं. मागून ट्रक हॉर्न देत होता. गाडीतली पोरं ओरडत होती. बाबांनी तशीच व्हॅन वळवली आणि ट्रक आरसा घासून गेला.

भाऊजी ट्रकवाल्यालाच म्हणाले, "हॉर्न काऊन नाही मारत बे?"

ताईचा फोन आला. "तू सांग त्यायले. मी सांगतलं तर म्हणतील, बायको घरी बसवून रायली."

मी आबांना, म्हणजे वडिलांना विचारलं.
"जावयाले असं बोलत नसतात. येईल त्यायच्या ध्यानात."
"आबा, गाडीत पोरं असतात!"
आबांनी पेपर उघडला. विषय संपला.

त्याच शनिवारी भाऊजी गोंदियाला, आमच्या घरी आले. व्हॅनचे स्पीकर बदलायचे होते. जुने म्हणे "पार मेले".
आबांनी लगेच जाहीर केलं, स्पीकर आपल्याकडून. जावयाला आहेर.
म्हणजे ज्याला ऐकू येत नाही त्याला आम्ही स्पीकर घेऊन देत होतो. एवढे शहाणे आम्ही.

मला सोबत पाठवलं. मी मनाशी ठरवलं, आज बोलायचंच. सोमवारी पोरं पुन्हा त्या गाडीत बसणार होती.

दुकानदाराने आधी जुने स्पीकर वाजवून पाहिले. चांगले खणखणीत वाजले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

मग पुढच्या दरवाजात नवी जोडी लावली. भीमगीतांची सीडी भाऊजींचीच.
"यात दम नाही," भाऊजी म्हणाले.

दुसरी जोडी लावली. गाणं सुरू झालं.
भाऊजी थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "लाव ना भाऊ."
गाणं वाजतच होतं.


तिसरी जोडी मोठी होती. "ये बैठाने को पत्रा काटना पड़ेगा," दुकानदार म्हणाला आणि हातातच धरून वाजवली. काच थरथरली. शेजारचा कापडवाला बाहेर येऊन ओरडला, "अरे कम कर यार!"

भाऊजींनी स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. डोळे मिटले. हाताखाली ठेका धरला.
"हां. हा पाहिजे."

ते हाताने ऐकत होते. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. आमच्यापासून लपवत होते, आणि आम्ही त्यांच्यापासून.

मी जवळ गेलो. हळूच म्हणालो, "भाऊजी, तुम्हाले ऐकू येत नाही."
"आं?"
"ऐकू येत नाही तुम्हाले."
"काय म्हणतं?"

ही गोष्ट हळू सांगण्यासारखी होती, आणि हळू सांगून ती पोचणार नव्हती. चार लोक उभे राहून पाहत होते.

मी जीव खाऊन ओरडलो.
"भाऊजी, तुम्हाले ऐकू येत नाही! पोरं मरतील एखाद्या दिवशी!"

दुकानदाराने नेमकं तेव्हाच गाणं बंद केलं. आख्ख्या लाइनीने ऐकलं.

भाऊजींचा हात जाळीवरच होता. मला वाटलं, आता कानाखाली बसते.

ते म्हणाले, "एवढ्या जोरानं कायले बोलून रायला?"

मग खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली.
"चाल. तूच चालव."

दुकानदाराने पत्रा कापून तीच जोडी बसवली, आणि कामठ्यापर्यंत गाडी मी नेली.

सोमवारपासून गाडी ताईच्या दिराने चालवली. भाऊजी बाजूला बसायचे, पोरं चढवायचे, उतरवायचे. मोठे स्पीकर दरवाजात होते, आणि भाऊजींचा हात कायम त्या दरवाजावर.

आमच्या घरी मात्र त्यांनी पाय ठेवला नाही. आबा म्हणायचे, तुझ्यामुळे जावई तुटला.

पुढे भीमजयंती आली. कामठ्याच्या मिरवणुकीत तीच व्हॅन पुढे, तेच स्पीकर. मी गर्दीत मागे मागे राहत होतो. भाऊजीच चालत आले.
"जय भीम," ते म्हणाले.
मी कसंबसं पुटपुटलो, "जय भीम, भाऊजी."
"जोरानं बोल ना बे. बजारात तर लय बोलत होता."

त्या दिवसानंतर मी त्यांच्याशी कधी हळू बोललो नाही.

आज दुपारी अंत्यविधीची बुद्धवंदना झाली. सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मी त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणालो, "जय भीम, भाऊजी."
मग लक्षात आलं.

पुन्हा म्हणालो. मोठ्याने. सगळे वळून पाहायला लागले.

ताई रडत होती, ती म्हणाली, "हां. आता ऐकलं असन त्यायनं."

भाऊजी, शेवटचा जय भीम.