तीन ठोके, एक फुंकर

त्याला सगळे भाता म्हणत. दगडावर अक्षरं कोरणं हा त्याचा धंदा. तीन ठोके मारून झाले की तो जी फुंकर घाली, तिच्यावरून हे नाव पडलं. ठेवलं शेजारच्या सुतारानं. भात्यानं फुंकर मारली की भिंतीपलीकडं माझा भुसा उडतो, असं सुतार चारचौघांत सांगे. भाता ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि मिशीतल्या मिशीत हसे. माणसाला गर्व व्हायला काहीही पुरतं. कुणाला पैशाचा होतो, कुणाला पोराबाळांचा, याला स्वतःच्या छातीचा झाला होता.

पाणी शिंपडत कोरलं तर धूळ उठत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण वाळूचा दगड ओला झाला की काळपट पडतो आणि आखलेली रेघ दिसेनाशी होते. ब्रशनं झाडावं तर भुकटी अक्षराच्या कोपऱ्यात दडपून बसते. म्हणून तोंड दगडाजवळ न्यायचं, फुंकर मारायची आणि धूळ खाली बसायच्या आत पुन्हा छाती भरून घ्यायची. "फुंकर मारल्याशिवाय अक्षर डोळे उघडत नाही," असं तो म्हणे. एकुलती एक लेक त्याच्याकडं काम शिकायला बसली, तेव्हा तिलाही त्यानं आधी हेच शिकवलं. छिन्नी कशी धरायची ते नंतर.

लेकीचा हात बापापेक्षा सरस निघाला. तिनं कोरलेल्या अक्षरावरून बोट फिरवलं तर कुठं अडत नसे. गिऱ्हाइकं थेट तिचंच काम मागू लागली, आणि भात्याला त्याचं वाईट वाटण्याऐवजी दोन बोटं स्वर्ग उरला.

मग दम लागायला लागला. आधी जिना चढताना, नंतर नुसती चप्पल घालतानाही. बायको म्हणाली, "वय झालंय आता. धावपळ कमी करा जरा."

"धावतोय कोण? बसूनच तर असतो दिवसभर."

जेवताना श्वास पुरेना म्हणून हातातला घास खाली ठेवायची पाळी आली, तेव्हा तिनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. ती औषधांच्या रांगेत उभी राहिली आणि आत हा एकटाच गेला. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर लावला. मग खुर्ची जवळ ओढून समजावू लागल्या.

"नाकात केस असतात, आत ओल असते. जाडी धूळ तिथंच अडते. पुढं श्वासनळी. तिचे दोन फाटे, एक उजव्या फुप्फुसात जातो, एक डाव्या. त्यांना आणखी फाटे फुटतात, फांद्यांसारखे, बारीक बारीक होत. या नळ्यांना आतून चिकट लेप असतो आणि लव असते, डोळ्यांना न दिसणारी. अडकलेली धूळ ही लव सारखी वर ढकलत राहते. घशाशी आली की तुम्ही खोकता, आणि ती बाहेर पडते."

"मग माझी का नाही पडली?"

"जिच्यानं खोकला आला, ती पडली. पण फांद्यांच्या टोकांना हवेचे इवलेसे फुगे असतात, कोट्यवधी. त्यांची भिंत इतकी पातळ असते, की हवेतला प्राणवायू तिच्यातून रक्तात उतरतो आणि रक्तातली वापरलेली हवा बाहेर येते. तिथं लव नाही. अगदी बारीक पूड तिथवर जाते आणि बसते. खोकला येत नाही, खवखव होत नाही, काही कळत नाही. शरीर तिच्याभोवती गाठी धरतं. गाठी धरल्या की ती जागा कडक होते आणि मग तिच्यातून हवा जात नाही."

"पण छाती तर माझी पहिल्यापासून दणकट आहे."

"दणकट आहेच. फासळ्या हलतात, छातीखालचा पडदा खाली सरकतो, हवा आत येते. आल्यावर तिला पुढं जायला जागा नाही उरली."

"धुऊन नाही का काढता येत?"

"नाही," त्या म्हणाल्या. "दगडावर तोंड धरून फुंकर मारता, म्हणजे नाकाची चाळणीही सोडून देता. आता ते काम बंद. आणखी कोण बसतं तिथं?"

तोवर भाता स्वतःसाठी घाबरला होता. या प्रश्नावर तो स्वतःला विसरलाच. "लेक," एवढंच तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं लेकीला सगळं सांगितलं. ती शहाणी होती, तिनं ऐकलं. जाड मुखपट्टी आणली, ब्रश आणला. दगड ओला करूनही पाहिला. रेघ पुसट झाली, एक अक्षर वाकडं गेलं आणि अख्खा दगड वाया गेला. पुन्हा कोरडं काम सुरू झालं, मुखपट्टी लावून. पण मुखपट्टीतून फुंकर मारता येत नाही. तीन ठोके झाले की तिचा हात आपोआप वर जाई, पट्टी हनुवटीवर येई, ती फुंकर मारी, श्वास घेई आणि पट्टी पुन्हा नाकावर चढवी. आपण काय करतोय याचा तिला पत्ताही नसे. भाता शेजारी बसून ओरडे, आणि ती खरंच ओशाळे. दहा अक्षरांनंतर पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर तसंही नव्हतं. घडा त्यानंच स्वतःच्या हातानं घडवला होता.

"सोड हा धंदा," एकदा तो म्हणाला.

"सोडून करू काय, बाबा? दुसरं काही शिकवलंय का तुम्ही मला?"

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती सहज म्हणाली, छिन्नीला धार लावता लावता. भात्याला ते फार लागलं.

पुढं त्यानं अंथरूण धरलं. खाट कोरकामाच्या खोलीच्या भिंतीला लागून होती, नाकात प्राणवायूची नळी होती. ओरडायचं म्हटलं तरी आवाज बाहेर पडणाऱ्या हवेवरच निघतो, आणि हवेचीच वानवा. तो हातोडीनं भिंतीवर टकटक करी. लेक धावत येई.

"पाणी देऊ?"

तो मान हलवी आणि नुसते ओठ पुढं करून दाखवी.

"हो बाबा, नाही मारत. तुम्ही पडा."

ती जाई. थोड्या वेळानं पलीकडून तीन ठोके ऐकू येत, आणि फुंकर. हळूहळू त्यानं हातोडी उशाखाली सारली ती सारलीच.

आता तो फक्त तिचा खोकला ऐकत पडे. ती खोकली की त्याचा जीव भांड्यात पडे, निदान तेवढी धूळ तरी बाहेर गेली. बायकोचं उलटं. लेक खोकली की ती हातातलं काम टाकून धावे. ती पोरीला गरम पाणी प्यायला लावी, वाफ घ्यायला लावी आणि नवऱ्यावर कुरकुरे, की तुम्हाला पोरीची काही काळजी म्हणून नाही.

एका संध्याकाळी ती त्याची उशी सारखी करायला आली, तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

"ऐकलंत का? आज दिवसभरात एकदाही खोकली नाही पोरगी. उतार पडला बघा."

तिला सांगायला हवं होतं. भात्यानं श्वास गोळा केला, दोन शब्दांपुरता तरी जमतोय का ते पाहिलं. तेवढ्यात भिंतीपलीकडं तीन ठोके पडले आणि मागोमाग फुंकर आली, लांब आणि भरदार.

बायको क्षणभर ऐकत राहिली. मग त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढत कौतुकानं म्हणाली, "छाती मात्र अगदी तुमच्यावर गेलीय हो तिची."