कच्च्या कंदाचा रकाना

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. पवनीकडच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि पीएचडीचं घोडं दामटत होतो. विषय जंगलातल्या औषधी कंदमुळांचा — ती विषारी किती, पेशीतल्या गुणसूत्रांना इजा करतात का. तपासायचं कांद्यावर. औषधाच्या पाण्यावर कांदा ठेवायचा, मुळं फुटली की टोकं कापून, रंगवून, काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. तुटकी गुणसूत्रं मोजायची. बस्स.

जवळच्या कोंढा गावचे झिबलकाका हे नावाजलेले वैदू. गुडघेदुखीला कळलावीच्या कंदाची पूड देत. कंद जहरी, म्हणून तो सात दिवस गोमूत्रात भिजवायचे, रोज ताज्या. ते धरायला पहाटे गाईमागे भांडं घेऊन उभी राहायची त्यांची बायको, भागरथाबाई. काकांनी मला हौसेनं दोन्ही दिले — भिजवलेला कंद आणि कच्चा. कॉलेजात आपलं औषध तपासतात याचं त्यांना कोण अप्रूप!

भिजवलेल्याचे कांदे मी मन लावून तपासले. जवळपास निर्दोष निघाले. कच्च्याचे लावले — आणि दिघोरीची मंडई आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, नाटकं होतात, आणि मी पडलो नाटकवेडा. एक दिवस म्हणून गेलो, चार दिवस राहिलो. परतलो तर कांदे सडून घाण सुटली होती. कच्चा कंद संपलेला, अहवाल दोन दिवसांवर.

मग मी काय केलं? भिजवलेल्याचे आकडे थोडे इकडेतिकडे करून कच्च्याच्या रकान्यात भरले.

आणि मला माहीत होतं हो! पेशींचं विभाजन थांबवायला लॅबमध्ये आम्ही जे कोल्चिसिन नावाचं विष वापरायचो, तेच या कंदात असतं. मग वाईट आकडे का नाही रचले? — कारण तुटकी गुणसूत्रं लिहिली तर स्लाइड दाखवावी लागते. काही सापडलं नाही म्हटलं की कुणी काही मागत नाही. एवढी हुशारी मात्र होती माझ्यात.

महिन्याभरानं काका आले. "काय निंगालं जी, सर?" शेजारी विभागप्रमुख बसलेले, त्यांच्या हातात माझा अहवाल. मी म्हणालो, दोन्ही सारखेच, धोका दिसत नाही. बरं, ते त्यांच्यासमोर. पण नंतर? काकांना बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो होतो मी, वाटेत चहाही पाजला. काका खुशीत. "म्हंजे बुढीची सकायची कटकट मिटली म्हना." मी हसलो. वाटलं, जन्माची सवय हा माणूस कशाला मोडेल?

मोडली. माझ्या शब्दाखातर मोडली. पुढच्या हंगामात त्यांनी कंद न भिजवताच पूड केली आणि पहिली दिली भागरथाबाईला, तिचेच गुडघे धरले होते म्हणून. उलट्या, जुलाब, मग दवाखाना. चौथ्या दिवशी ती गेली.

मला हे वर्गात कळलं. कोंढ्याची एक विद्यार्थिनी हजेरीच्या वेळी सहज बोलून गेली. आणि तरी मी तास पूर्ण घेतला. फळ्यावर आकृतीसुद्धा काढली. कशी काढली? आजही आठवलं की स्वतःचीच भीती वाटते.

तेरवी झाल्यावर गेलो. मला पाहून काका ओसरीवरून उठायला लागले. म्हणाले, "तुमची तपासनी खोटी नाई होनार जी. माह्याच हातून काई चुकलं. काय चुकलं असन, सर?"

त्यांना खरंच उत्तर हवं होतं. माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, "मात्रा जास्त झाली असेल, काका."

त्यांनी ते मानलं. त्यानंतर कुणाला औषध दिलं नाही. मरेपर्यंत येईल-जाईल त्याला सांगत राहिले, की बायकोला आपणच जास्तीची पूड देऊन मारलं. त्यातल्या दोन वेळा मी समोर बसलो होतो.