माळ्यावरची चप्पल

मंडळी, आज साताऱ्याच्या दवाखान्यातून वडूजला येईपर्यंत आईच्या नजरेला नजर द्यायची हिंमत झाली नाही.

आईची केमो चालू आहे. वजन घटू नये म्हणून मी तिला रोज तुपातला शिरा खाऊ घालतोय. ती म्हशीला वैरण टाकायला उठते, म्हणून दवाखान्यातून आलो की तिची चप्पल माळ्यावर ठेवतो. आजारी आई गोठ्यात दिसली की गाव पोराला नावं ठेवतं ना!

आज वजन तेवढंच भरलं. मी खूश. डॉक्टरांनी मात्र तिचे दंड, मांड्या दाबून बघितल्या.

"वजन आहे, पण स्नायू झिजलेत, चरबी वाढलीय. अशा शरीराला केमोचं तेवढंच औषध जास्त बाधू शकतं. यांचं तोंड आलंय, अंगात ताकद नाही, त्याला हेही कारण असेल. डाळ, अंडी द्या. झेपेल तेवढं चालू द्या." मग आईला विचारलं, "आजी, चालत का नाही?"

आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मलाच कटाळा येतुया, सायेब."

मी फौजेतून रिटायर झालेला माणूस. स्वतः रोज पहाटे पळतो. आणि आईची चप्पल मात्र माळ्यावर टाकतो.

घरी आलो. उंबऱ्यापाशी आईनं चप्पल काढली आणि सवयीनं माझ्या हातात दिली.

तुमच्या माळ्यावर कुणाची चप्पल आहे?