टेंप फोल्डरमधली पानं

गल्लीत त्यांना सगळे ‘चकाचक’ म्हणत. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत, पण टेबलावर धुळीचा कण सापडायचा नाही. बायको म्हणायची, "यांच्या हाती घर दिलं तर एक दिवस मलाही पुसून ठेवतील." माणूस मात्र कामाला वाघ. व्हायरस लागलेलं मशीन आलं की आधी इंटरनेट तोडायचं, मग टेंपररी फाइल्स उडवायच्या, मग तपासणी. "केर काढल्याशिवाय चोर सापडत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाकीचे दुकानदार एवढ्यावर थांबत, हे थांबत नसत. उडवलेल्या फाइल्सची जागाही ते घासून कोरी करत, म्हणजे कीड परत डोकं वर काढायला नको. सव्वीस वर्षांत एकही मशीन त्याच दुखण्यानं परत आलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

एका सकाळी एक वयस्क बाई टॅक्सीतून मशीन घेऊन आल्या.

"चालू केलं की जाहिरातीच जाहिराती. यांचं लिखाण आहे यात. ते जाणार नाही ना?"

‘हे’ म्हणजे त्यांचे यजमान. उभा जन्म छापखान्यात टाइप जुळवण्यात गेला, दोन महिन्यांपूर्वी वारले. शेवटच्या वर्षात आठवणी लिहीत होते.

"मावशी, निर्धास्त राहा. मी केर काढतो, सामान नाही."

त्यांनी कागदपत्रं, फोटो, सगळं वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि मगच नेहमीप्रमाणे साफसफाई केली. तिसऱ्या दिवशी मशीन लख्ख होऊन घरी गेलं.

दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन आला. लिखाण उघडत नव्हतं. चकाचक पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले, फाइल कुठून उघडायचात ते दाखवा म्हणाले. बाईंनी अलीकडे उघडलेल्या फाइल्सच्या यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. फाइल सापडत नाही, असं पडद्यावर आलं, आणि त्याखाली तिचा पत्ता. पत्ता टेंप फोल्डरचा होता. टेंपररी फाइल्स असतात ती हीच जागा, आणि चकाचकांनी ती सगळ्यात आधी साफ केली होती.

बाईंच्या मुलीनं वडिलांना मेलमधून एक कोरं पान धाडलं होतं, ‘बाबा, इथं लिहा’ एवढंच वर लिहून. बाबांनी ते मेलमधूनच उघडलं आणि वर्षभर त्यातच लिहिलं, त्यातच सेव्ह केलं. मेलमधून उघडलेलं पान टेंपमध्येच राहतं, ते दुसरीकडे ठेवायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मेलमध्ये अजून ते कोरं पानच होतं.

दुपारभर चकाचकांनी फाइल परत मिळवायचे सगळे उपाय केले. उत्तर त्यांना माहीत होतं. ती जागा त्यांनीच घासून कोरी केली होती.

व्हायरसनं खाल्लं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. विचारणारं कोण होतं? शब्द जिभेच्या टोकावर आले होते. बाई समोर बसून होत्या. चकाचकांना स्वतःची लाज वाटली.

"मावशी, हे व्हायरसनं केलेलं नाही. माझ्या हातून गेलं. न बघता उडवलं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी रोज एकच पान वाचायचे," त्या म्हणाल्या. "दिवसभर तेच तेच. संपू नये म्हणून. पानं पंचवीस होती, चौदा वाचून झाली."

"वाचलेलं आठवतंय?"

"शब्दन् शब्द."

"मग सांगा. मी टाइप करतो."

पुढचे आठ दिवस दुकान चारलाच बंद झालं. बाई डोळे मिटून सांगत, चकाचक लिहून घेत. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की बाई थांबवत, "यांनी असं नाही लिहिलं." रोज उठताना चकाचक फाइल तीन ठिकाणी ठेवत.

आठव्या दिवशी चौदावं पान आलं.

"आमचं पहिलं मूल गेलं, त्या दिवशी मी दवाखान्यातून उठून छापखान्यात निघून गेलो. ती तिथं एकटी होती. तिनं मला कधी विचारलं नाही, मीही कधी सांगितलं नाही. का गेलो, ते आज सांगतो."

बाई थांबल्या. चकाचकांनी मान वर केली.

"पुढं, मावशी?"

"पान तिथंच संपलं होतं. पुढचं मी उद्यावर ठेवलं, आणि सकाळी मशीन तुमच्याकडे घेऊन आले."