देवाची पुडी

आगाशीच्या बाजारात एक मावशी केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी, विकायच्या. त्यांच्या पाटीतली पहिली पुडी देवळात जायची. ती मी एकदा उचलून हुंगली, तर त्यांनी हातातून काढूनच घेतली.

"देवाचं हुंगू नये, भाऊ. उष्टं होतं."

त्या दिवशी देवासाठी त्यांनी दुसरी पुडी बांधली.

पुढे जर्मनीत नोकरीला गेलेल्या मुलानं त्यांना तिथलं कोलोन शहर दाखवायला नेलं. परतल्यावर पाटीशेजारी फोटोंचा अल्बम आला. दोन मनोऱ्यांचं अवाढव्य चर्च, नदीवरचा पूल, चॉकलेटचं संग्रहालय, आणि प्रत्येकापुढे मावशी श्वास रोखून ताठ उभ्या.

"यातलं आवडलं काय?" मी विचारलं.

त्यांनी चर्चवर बोट ठेवलं. "देवाच्या दारी रिकाम्या हातानं कोन जातं? मी मेनबत्त्यांपाशी इथून नेलेली पुडी ठेवली. पोरगा लाजून लांब जाऊन उभा. तिथला म्हातारा राखनदार आला, पुडी उचलली नि नाकाला लावली."

"हुंगली?"

"चांगली डोळे मिटून. मग होती तिथंच ठेवली, नीट सरळ करून."

"मग तुम्ही दुसरी ठेवलीत?"

मावशी पाटीतली पानं सारखी करत राहिल्या.

"नाय. तीच राहू दिली. केवढं गोड तोंड झालं त्याचं. देवानं बघितलंच असंल."

मग त्यांनी पाटीतली पहिली पुडी उचलली आणि माझ्या नाकाशी धरली.